कॅमारो ३५०: टायमिंग ८ वर मरगळते, १६ वर ठोकते

नोव्हीकर

नमस्कार मंडळी. जुन्या गाड्यांवर स्वतः हात काळे करणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून विचारतो. इकडे मिशिगनमध्ये दहा जणांना विचारलं की दहा आकडे मिळतात आणि प्रत्येकाला आपलाच आकडा खरा वाटतो.

गाडी १९७० ची शेव्हरोले कॅमारो, चार गिअरची मॅन्युअल. मूळ इंजिन गाडीत नव्हतंच, म्हणून त्याच काळातला ३५० घनइंचाचा ब्लॉक घेतला आणि गेल्या हिवाळ्यात बांधून घेतला. बोअर ३० थाऊ (इंचाचे हजारांश) वाढवलंय, पिस्टन फ्लॅट-टॉप, कॉम्प्रेशन साडेनऊच्या आसपास, हेड जुन्या पद्धतीची, लोखंडी. कॅम जरा गरम आहे, ०.०५० इंच लिफ्टला ड्युरेशन २३० अंश. वर ७५० सीएफएमचा होली कार्ब्युरेटर, खाली हेडर्स (एक्झॉस्टचे नळ). पॉइंटवाला डिस्ट्रिब्युटर काढून एचईआय (इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा) टाकलाय. आयडल ८५० ला ठेवलंय, तेव्हा व्हॅक्यूम ११ इंच दिसतो. पेट्रोल ९३ ऑक्टेनचं.

ज्यांनी इंजिन बांधलं त्यांनी टायमिंग (पिस्टन माथ्यावर पोचण्याआधी क्रँकचे किती अंश बाकी असताना ठिणगी पडते ते) ८ अंशांवर ठेवून, व्हॅक्यूम ॲडव्हान्सची (व्हॅक्यूमने डबी ओढून ठिणगी आणखी लवकर पाडणारी) नळी काढून, तिला बूच मारून गाडी ताब्यात दिली. चालवली तर सिग्नलवरून उठायला जड, आयडलवर उभी केली की तापमान २१५ फॅरनहाइटकडे सरकतं आणि हेडर्सची आच बॉनेटच्या वर हात धरला तरी लागते. मग एका मित्राच्या सांगण्यावरून १६ अंशांवर नेलं. पिकअप असा आला की वाटलं हेच ते इंजिन! पण आता हायवेच्या रॅम्पवर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की ३,२०० च्या आसपास डब्यात चणे हलवल्यासारखा आवाज येतो, म्हणजे ठोका. शिवाय गरम इंजिन बंद करून लगेच सुरू करायला गेलं तर स्टार्टर अडखळतो. टायमिंग लाइटखाली (ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) बॅलन्सरवरची, म्हणजे क्रँकच्या पुढच्या टोकाच्या चकतीवरची, रेघ एका जागी ठरतही नाही, तीन-चार अंश नाचते.

ऑगस्टमध्ये वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची ड्रीम क्रूझ असते. तिथे गाडी न्यायचीच आहे, म्हणजे तासन्‌तास मुंगीच्या गतीने सरकणं आलं. ८ ठेवू, १६ ठेवू की मधे १२ वर समझोता करू? आणि व्हॅक्यूमची नळी लावायची की नाही?

फियाटकर

दादा, तुमची आठ सिलिंडरची, आमची चार. कोल्हापुरात माझ्याकडे १९७८ ची पद्मिनी आहे आणि वडिलांचं गॅरेज होतं, त्यामुळे सांगतो. आम्ही लाइट वापरतच नाही. एक नंबर सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणायचा, पुलीची खूण जुळवायची, डिस्ट्रिब्युटरच्या टर्मिनलला आणि बॉडीला बल्ब लावायचा, स्विच ऑन करून डिस्ट्रिब्युटर हळूहळू फिरवायचा. पॉइंट उघडला की बल्ब पेटतो, तिथे आवळायचा. झालं.

बाकीचं रस्त्यावर. वाघबीळवरून पन्हाळ्याकडे चढायला लागायचं, टॉप गिअरमध्ये तीसच्या स्पीडला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा. हलकासा ठोका ऐकू यावा आणि स्पीड धरला की जावा. ठोका राहिला तर केसभर मागे, अजिबात आला नाही तर केसभर पुढे. वडील कधी आकड्यात बोलले नाहीत, पण त्यांच्या हातची गाडी चढावर कधी दमली नाही. तुम्हीही १६ वरून केसभर मागे घेत या.

टेस्टबेड

नोव्हीकर, तुमच्या प्रश्नात ८ आणि १६ असे दोन आकडे आहेत आणि दोन्ही आयडलचे आहेत. ठोका पडतो ३,२०० ला. त्या वेळी टायमिंग किती होतं हा आकडा तुमच्या हातात नाही, आणि इंजिन वाचवणारा किंवा मारणारा आकडा तोच असतो. १२ वरचा समझोता करू नका. त्याने आयडलही बिघडेल आणि वरचा धोकाही पुरता जाणार नाही.

मी आधी पुण्यात आणि नंतर इकडे मिशिगनमध्येच आयुष्यभर टेस्ट बेडवर इंजिनं चालवली. तिथे टायमिंग असं ठरवतात: इंजिन एका वेगावर पूर्ण थ्रॉटलला धरायचं आणि दोन-दोन अंशांनी ठिणगी लवकर टाकत टॉर्क लिहीत जायचं. टॉर्क चढतो, माथ्यावर जवळजवळ सपाट होतो आणि मग उतरतो. त्या सपाट भागात दोन-तीन अंश इकडचे तिकडे झाले तर टॉर्कमधला फरक शेकडा एकाच्या आतबाहेर असतो. सिलिंडरमधला दाब मात्र प्रत्येक अंशाबरोबर वाढतच असतो. म्हणून सपाटी जिथे सुरू होते तिथेच थांबायचं. त्यापुढचा प्रत्येक अंश पिस्टन, रिंगा आणि हेड गॅस्केटच्या खात्यातून जातो आणि हातात काही पडत नाही.

शेव्हरोलेच्या जुन्या लोखंडी हेडच्या स्मॉल-ब्लॉकला (तुमचं ३५० त्याच जातीचं) ही जागा साधारण ३४ ते ३६ अंशांवर सापडते. हा एकूण आकडा, म्हणजे डिस्ट्रिब्युटर मुळात जिथे आवळलाय ते अंश अधिक वेग वाढला की डिस्ट्रिब्युटरमधली फिरती वजनं वाढवतात ते अंश, व्हॅक्यूमची नळी काढून आणि बूच मारून मोजलेला. १९९६ नंतरची व्हॉर्टेक हेड असती तर ३२ च्या आसपास म्हणालो असतो, कारण त्यांच्यात ज्वाला लवकर पसरते. आधी हा एकूण आकडा बसवायचा. आयडलचा आकडा त्यातून जो उरेल तो उरेल, आणि तो पटला नाही तर वजनांचा प्रवास बदलायचा.

पण त्याच्याही आधीचं एक काम आहे. तुमच्या बॅलन्सरवरची रेघ खरी आहे की नाही हे तपासा. बॅलन्सरची बाहेरची कडी आणि आतला हब यांच्यात रबर असतं. पन्नास वर्षांत ते रबर कडक होतं, सुटतं आणि कडी हबवर घसरते. शिवाय शेव्हीने त्या वर्षांत रेघेची जागा आणि टायमिंग कव्हरवरच्या पट्टीची जागा दोन्ही बदलल्या. एका सालचा बॅलन्सर आणि दुसऱ्या सालचं कव्हर एकत्र आलं तर आठ-दहा अंशांचा घोळ सहज होतो. तुमचं इंजिन जमवलेल्या भागांचं आहे, म्हणजे शंका घ्यायलाच हवी.

तपासायची रीत अशी. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. आठही प्लग काढा म्हणजे इंजिन हाताने हलकं फिरेल. एक नंबरच्या प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप बसवा. बाजारात मिळतो, नाहीतर जुन्या प्लगचं पोर्सेलिन फोडून त्यात बोल्ट बसवून घरी करता येतो, फक्त बोल्टचं टोक गोल घासून घ्या. आता क्रँकच्या बोल्टला सॉकेट लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने फिरवा. पिस्टन स्टॉपला टेकला की पट्टीच्या शून्यासमोर बॅलन्सरवर पेन्सिलने खूण करा. मग उलट फिरवत पुन्हा टेकेपर्यंत या, दुसरी खूण करा. दोन खुणांच्या बरोबर मध्यावर खरा टीडीसी, म्हणजे पिस्टनचा सर्वांत वरचा बिंदू. या कामात स्टार्टर चुकूनही मारायचा नाही, पिस्टनला भोक पडेल. आणि उलट फिरवताना बोल्टच सैल होत नाही ना, इकडे लक्ष ठेवा.

ही मध्यखूण आणि कारखान्याची रेघ एकमेकींवर आल्या तर उत्तम. नाही आल्या तर त्यांच्यातलं अंतर मोजून कळवा. तुमचा बॅलन्सर ८ इंची असेल तर त्याचा परीघ ६३८ मिलिमीटर, म्हणजे एका अंशाला पावणेदोन मिलिमीटरच्या किंचित वर.

रेघ नाचते त्याबद्दल. टायमिंग चेन (क्रँकवरून कॅम फिरवणारी) ढिली असेल तर नाचते. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढा, क्रँक एका दिशेने थोडा फिरवून थांबा, मग उलट फिरवायला लागा आणि रोटरकडे बघा. क्रँक हलायला लागल्यावर रोटर किती अंश उशिरा हलतो, तेवढी ढिलाई. पण तुमचं इंजिन नवं बांधलेलं आहे, चेनही नवी असेल. त्यामुळे माझा संशय वजनांना आवरणाऱ्या स्प्रिंगांवर आहे. एचईआयबरोबर हलक्या स्प्रिंगांचं किट बसवलंय का? सगळ्यात हलक्या स्प्रिंगा असतील तर ८५० लाच वजनं उघडायला लागतात. आयडल पाच-पन्नास आरपीएम हलला की टायमिंग हलतं, टायमिंग हललं की आयडल हलतो, आणि हे चक्र सुरू राहतं. शिवाय तुम्ही ज्याला १६ म्हणता त्यात काही अंश वजनांचेही असतील. मूळ आकडा बघताना आयडल ६०० पर्यंत खाली आणून बघा.

आणखी एक गोष्ट लगोलग बघून घ्या. १९७० च्या वायरिंगमध्ये कॉइलकडे जाणारी वायर मुद्दाम जास्त रेझिस्टन्सची होती, पॉइंट जळू नयेत म्हणून. एचईआयला पूर्ण १२ व्होल्ट लागतात. तीच जुनी वायर जोडली असेल तर वरच्या आरपीएमला मिसिंग येईल आणि तुम्ही दोष टायमिंगला देत बसाल. इंजिन चालू असताना टर्मिनलवर व्होल्टमीटर लावून खात्री करा.

लाइट धरताना फॅनच्या रेषेत उभं राहू नका. बाह्या वर, गळ्यात काही लोंबतं नको. ३,००० ला रेस करून खाली वाकायचं असतं तेव्हा हे जास्त महत्त्वाचं.

फियाटकर, तुमच्या वडिलांची पद्धत खरीच चांगली होती आणि मी स्वतः ती वापरलेली आहे. ती चालायची कारण पद्मिनीचा डिस्ट्रिब्युटर पद्मिनीच्याच इंजिनासाठी बनला होता. किती वेगाला किती अंश वाढायचे हे कारखान्याने ठरवलेलं, त्यामुळे खालचा आकडा बरोबर बसला की वरचा आपोआप बसायचा. नोव्हीकरांच्या इंजिनात कॅम एकाचा, डिस्ट्रिब्युटर दुसऱ्याचा, स्प्रिंगा तिसऱ्याच्या. तिथे खालून वरचा अंदाज बांधता येत नाही. शिवाय हेडर्स आणि ७५० च्या होलीच्या घोंगाटात ४,५०० च्या वरचा ठोका कानाला ऐकूच येत नाही, आणि नुकसान तिथलाच ठोका करतो.

मैलभरउंच

काका, फार छान लिहिलंत. मी डेन्व्हरला असतो, माझ्याकडे १९६८ ची नोव्हा आहे, ३२७ इंजिन. इकडचे जुने लोक व्हॅक्यूम गेजवर टायमिंग लावतात: सर्वांत जास्त व्हॅक्यूम येईपर्यंत डिस्ट्रिब्युटर फिरवायचा, मग इंचभर मागे घ्यायचा. हे कितपत बरोबर? दुसरं म्हणजे उंचीमुळे काही फरक पडतो का? इथे साधं पेट्रोल ८५ चं आणि भारीतलं ९१ चं मिळतं, तरी माझी गाडी ३८ अंशांवरही ठोकत नाही.

आणि व्हॅक्यूम ॲडव्हान्सची नळी इनटेक मॅनिफोल्डला (जिथे आयडललाही व्हॅक्यूम असतो) लावावी की कार्ब्युरेटरच्या थ्रॉटलवरच्या पोर्टला (जिथे आयडलला नसतो), यावर इथे हाणामारीची वेळ येते. तुमचं मत काय?

टेस्टबेड

व्हॅक्यूम गेज आयडलपुरतं खरं बोलतं. गरम कॅमच्या इंजिनाला आयडलवर जितकं ॲडव्हान्स द्याल तितकं ते मागतं, २५ द्या, ३० द्या, व्हॅक्यूम वाढतच जातो. कारण त्या कॅममध्ये दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी बराच काळ उघडे राहतात, जळालेला वायू सिलिंडरमध्येच उरतो आणि तो मिसळलेलं मिश्रण सावकाश जळतं. सावकाश जळणाऱ्याला आधी पेटवावं लागतं. गेज ऐकून तुम्ही ते २५ ला आवळलंत आणि वजनं आणखी २४ घालतात, म्हणजे हायवेवर ४९. गेज तेव्हा सांगायला येत नाही. फियाटकरांच्या बल्बसारखंच, कारखान्याचा डिस्ट्रिब्युटर असलेल्या साध्या इंजिनाला गेज चालतं.

उंचीचं म्हणाल तर डेन्व्हर १,६०० मीटरवर आहे. हवा विरळ, सिलिंडर कमी भरतो, दाब कमी, म्हणून ठोकत नाही. ३८ तिथे चालेल. पण तीच गाडी कधी समुद्रसपाटीला आणलीत तर निघण्याआधी दोन-तीन अंश मागे घ्या.

नळीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. गरम कॅम आणि कमी आयडल व्हॅक्यूम असेल तर मॅनिफोल्डला लावा. आयडलवर मिश्रण सावकाश जळतं हे वर लिहिलंच. ठिणगी उशिरा पडली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडेपर्यंत जळणं चालूच राहतं, ती उष्णता क्रँकला न मिळता एक्झॉस्ट पोर्टमधून हेडच्या पाण्यात आणि हेडर्समध्ये जाते. नोव्हीकरांच्या बॉनेटवर जाणवणारी आच हीच आहे. नळीला बूच मारून दिलं तिथेच अर्धं दुखणं सुरू झालं. पूर्ण थ्रॉटलला व्हॅक्यूम शून्याजवळ येतो, त्यामुळे नळी लावल्याने वरच्या टायमिंगला धक्का लागत नाही. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला व्हॅक्यूम ॲडव्हान्स हवाच.

फक्त व्हॅक्यूम ॲडव्हान्सची डबी योग्य हवी. बऱ्याच डब्यांना पूर्ण ओढायला १५ इंच लागतात. नोव्हीकरांकडे आयडलला ११ आहेत, म्हणजे डबी अर्धवट ओढून लोंबकळत राहील आणि आयडल डुलत राहील. आयडलच्या व्हॅक्यूमपेक्षा किमान दोन इंच खालीच जी पूर्ण ओढते ती घ्या. त्यांच्यासाठी ८ इंचाला पूर्ण होणारी.

नोव्हीकर

काका, पिस्टन स्टॉप लावून बघितलं. दोन खुणांचा मध्य आणि कारखान्याची रेघ यांच्यात सात मिलिमीटर! पिस्टन खऱ्या टीडीसीवर असताना रेघ शून्य ओलांडून पुढे गेलेली दिसते. बॅलन्सर ८ इंचीच आहे. कडी आणि हबमधलं रबर नखाने खरवडलं तर चुरा हातात आला.

स्प्रिंगांचं तुम्ही म्हणालात तसंच निघालं, किटमधल्या सर्वांत हलक्या होत्या. व्होल्टेज बघितलं, नवी वायर सरळ फ्यूज बॉक्समधून आणलीय, पूर्ण मिळतंय.

खऱ्या टीडीसीला पांढरी खूण करून, नळी बंद ठेवून मोजलं. जिथे १६ दिसत होते तिथे खरे २०. आणि ३,४०० ला, रेघ पुढे सरकायची थांबल्यावर, खरे ४६.

टेस्टबेड

४६ वर ठोकणारच. ज्यांनी ८ दिलं त्यांनाही खोट्या रेघेवर १२ मिळत होते, तरी आयडलला ते पुरत नव्हते, कारण व्हॅक्यूम बंद. आणि गरम इंजिनाला स्टार्टर अडखळतो तो २० अंशांमुळे. पिस्टन वर पोचण्याआधीच दाब येतो आणि त्याच्याविरुद्ध स्टार्टरला ढकलावं लागतं. हेडर्सने स्टार्टर तापतो तो भाग वेगळा, एखादी उष्णतारोधक पट्टी गुंडाळा.

रॅम्पवर आता पाय दाबू नका. या रबराचा बॅलन्सर चालवूही नका. कडी निखळली तर रेडिएटर आणि कव्हर घेऊन जाईल. नवा आणा, बसवल्यावर पिस्टन स्टॉप पुन्हा लावा. नवा आहे म्हणून रेघेवर विश्वास टाकू नका, पट्टीशी तिची जोडी जमते का ते बघायचंच. मग त्यावर अंशांची चिकटपट्टी लावा, बॅलन्सरच्या व्यासाचीच घ्या. डायल फिरवून अंश दाखवणारा लाइट असला तरी मला साधा लाइट आणि पट्टी जास्त भरवशाची वाटते.

आता डिस्ट्रिब्युटर. तुमची वजनं २६ अंश घालताहेत. एकूण ३४ धरलं तर खाली ८ उरतात, आणि ते या कॅमला कमी आहेत. म्हणून वजनांचा प्रवास २० वर आणा. मर्यादा घालायचं बुशिंग मिळतं, किंवा डिस्ट्रिब्युटर मशीनवर काम करणाऱ्याकडून थांबा वेल्डिंगने भरून घ्या. लक्षात ठेवा, डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट क्रँकच्या अर्ध्या वेगाने फिरतो, म्हणून तिथे १० अंश म्हणजे क्रँकवर २०. त्याला आकडा सांगताना कुठले अंश ते स्पष्ट सांगा, इथे हमखास गफलत होते.

स्प्रिंगा मधल्या बसवा. १,००० च्या आत वजनं हलू नयेत आणि ३,००० च्या आसपास सगळे अंश येऊन थांबावेत. ३,००० च का? त्या वेगाला क्रँक एका मिलिसेकंदात १८ अंश फिरतो, ८०० ला पाचही फिरत नाही. दाबाचा कळस टीडीसीनंतर १२ ते १५ अंशांत यायला हवा, म्हणून वेग वाढला की ठिणगी लवकर टाकावी लागते. पण वेगाबरोबर आत येणाऱ्या मिश्रणाची घुसळणही वाढते आणि ज्वाला तितकीच वेगाने पळते. एका मर्यादेनंतर दोन्ही बरोबरीला येतात आणि आणखी ॲडव्हान्स लागत नाही.

आवळायची रीत: इंजिन गरम, नळी बंद. ३,२०० च्या पुढे रेघ सरकायची थांबते ना ते बघा, तिथे ३४ येईपर्यंत डिस्ट्रिब्युटर फिरवा. वरून बघताना रोटर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो, तेव्हा बॉडी काट्याच्या उलट फिरवली की ॲडव्हान्स वाढतं. ९/१६ च्या पान्याने आवळा आणि आवळल्यावर पुन्हा बघा, आवळताना अंशभर सरकतंच. मग नळी मॅनिफोल्डला लावा, आयडल वाढेल तो कार्ब्युरेटरच्या स्क्रूने खाली आणा आणि मिश्रणाचे स्क्रू नव्याने लावा. डबी १६ अंश ओढणारी असेल तर थांबा बसवून १० वर आणा. हायवेवर हलक्या पायाला ४४ दिसतील. घाबरू नका, तिथे मिश्रण पातळ आणि सिलिंडर अर्धा रिकामा असतो, त्याला तेवढे लागतातच.

फियाटकर

काका, वडिलांच्या पद्धतीबद्दल लिहिलंत, बरं वाटलं. आता माझा प्रश्न. माझ्या पद्मिनीचं हेड प्लेन करून कॉम्प्रेशन वाढवलंय, कॅम बदललाय, दोन कार्ब्युरेटर टाकलेत. म्हणजे माझंही कारखान्याचं गणित मोडलंच की. आणि पेट्रोल आता सगळीकडे ई२०. माझा एकूण आकडा कुठला धरू?

टेस्टबेड

मोडलंच. शेव्हीचा ३४ तुमच्या इंजिनाला लावू नका. ज्वलनकक्षाचा आकार वेगळा, बोअर लहान, ज्वालेला अंतर कमी कापायचं. तुमचा आकडा तुमच्याच गाडीवर शोधावा लागेल.

आधी पिस्टन स्टॉपने टीडीसी, पुलीवर खूण आणि परिघावरून अंश आखून घ्या. वजनं किती अंश घालतात ते लाइटखाली मोजा. मग एकच चढ, एकच गिअर, सकाळची थंड वेळ. अमुक वेगापासून तमुक वेगापर्यंत पूर्ण ॲक्सिलरेटरवर किती सेकंद लागतात ते सोबत्याला मोजायला सांगा. एकूण २६ पासून सुरू करा आणि दोन-दोनने वर जा. वेळ कमी व्हायची थांबली की मागच्या आकड्यावर परत या. त्याआधीच ठोका आला तर तिथून चार अंश मागे. जवळपास रोलिंग डायनो मिळाला तर हेच काम तासाभरात आणि जास्त सुरक्षित होईल.

ई२० चं ऑक्टेन साध्या जुन्या पेट्रोलपेक्षा जास्त आहे, ठोक्याच्या बाबतीत ते तुमच्या बाजूने आहे. पण इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होतं, म्हणून आधी जेट तपासा. पातळ मिश्रणावर टायमिंग लावलं तर नंतर जेट बदलल्यावर सगळं परत करावं लागेल. पेट्रोलच्या नळ्या आणि कार्ब्युरेटरमधली रबरं इथेनॉलला टिकणारी घाला, यात काटकसर करू नका.

नोव्हीकर

काम झालं, कळवतो. नवा बॅलन्सर, स्टॉपने तपासला, रेघ पट्टीशी जुळते. वजनं २० वर आणली, मधल्या स्प्रिंगा, ८ इंचाची डबी १० अंशांवर थांबवलेली. ३,२०० ला ३४, खाली १४, नळी लावल्यावर आयडलला २४. व्हॅक्यूम ११ वरून १३ वर गेला. रेघ आता जागची हलत नाही.

गाडी ओळखू येत नाही. क्लच सोडतानाची ती ओढाताण गेली, गरम इंजिन पहिल्या फिरकीत सुरू होतं, आणि उन्हात वीस मिनिटं उभी ठेवली तरी काटा १९० च्या आसपास. त्याच रॅम्पवर, त्याच गिअरमध्ये पाय दाबला, आवाज नाही. काका, मनापासून आभार.

३६ करून बघू का? वर थोडी ताकद मिळेल असं वाटतं.

टेस्टबेड

फार आनंद झाला. आयडलचे २४ आणि ताठ उभी रेघ, एवढ्यावरच अर्धी लढाई जिंकलीत.

३६ करण्याआधी ३४ चे प्लग बघा. नवे प्लग घाला, मोकळ्या जागी तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलवर ५,५०० पर्यंत न्या, तिथेच क्लच दाबून इंजिन बंद करा आणि रस्त्याच्या कडेला लागा. स्टिअरिंग लॉक होईल इतकी किल्ली मागे फिरवू नका. भिंगाखाली पांढरं पोर्सेलिन बघा. त्यावर मिरपुडीसारखे काळे किंवा चकचकीत चांदीसारखे बारीक ठिपके असतील तर कानाला न ऐकू येणारा ठोका पडतोय. चांदीचे ठिपके म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम. तसं दिसलं तर ३२ वर या आणि मिश्रण तपासा. आठही प्लग बघायचे, फक्त एक नंबरचा नाही. स्मॉल-ब्लॉकमध्ये ५ आणि ७ शेजारी आहेत आणि १-८-४-३-६-५-७-२ या क्रमात लागोपाठ पेटतात, त्यामुळे त्या कोपऱ्यात उष्णता साठते. पहिली तक्रार बहुधा तिथूनच येते. त्या दोघांच्या प्लग वायरही एकमेकींपासून लांब ठेवा, समांतर गेल्या तर पाचची ठिणगी सातमध्ये उतरू शकते.

प्लग स्वच्छ निघाले तर ३६ करा आणि तोच रॅम्प घड्याळ लावून चढा. वेळ घटली तर ठेवा, नाही घटली तर परत ३४. वुडवर्डला जाताना मात्र ३४ च असू दे. ऑगस्टच्या उन्हात रांगेत तापलेल्या इंजिनाला, मधेच मोकळा पट्टा मिळाला म्हणून पाय दाबलात तर, ते दोन अंश हाताशी असलेले बरे.